एवढं पोट राहिलं म्हणून

मी जुने ट्रॅक्टर आणि ट्रॉल्या विकतो. कराडच्या बाहेर, हायवेला लागून माझा अड्डा आहे. सुरुवात दुसऱ्याच्या गॅरेजवर ट्रॅक्टर धुण्यापासून झाली. आज आमच्या भागातला जुना ट्रॅक्टर माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय सहसा विकला जात नाही. हे कुणाच्या आधारानं झालेलं नाही, त्यामुळं सांगताना मला संकोच वाटत नाही. धंदा जमला तो जिभेवर आणि पोटावर. जिभेचं कुणालाही कळेल. पोटाचं असं की, खुर्ची भरून बसलेल्या माणसाला घाई नसते, असं समोरच्याला वाटतं. काटकुळा दलाल दिसला की गिऱ्हाईक ताठ होतं. लहानपणी आमच्या घरात हुलग्याचं माडगं, म्हणजे हुलग्याच्या पिठाची पातळ पेज, पिऊन झोपायची सवय होती. त्या घरातनं आलेल्या माझ्या अंगावर पोट सुटलं तेव्हा मला लाज वाटली नाही. कमावलेलं होतं ते.

त्याच पोटावरून माझा अपमान झाला, आणि तो मी विसरलेलो नाही.

माझी थोरली बहीण, आक्का, आष्ट्याला दिलेली आहे. तिच्या थोरल्या मुलीचं लग्न होतं. आमच्याकडं मामा नवरीला हाताला धरून बोहल्यावर आणतो आणि अक्षता पडेपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो. सख्खा मामा मी एकटा. नवा फेटा बांधून मांडवात तयार होतो. आयत्या वेळी दाजींनी आमच्या चुलतभावाला पुढं केलं. तो फौजेतनं सुभेदार होऊन आलेला, छाती पुढं, पोट सपाट. मी बघतोय हे लक्षात आल्यावर दाजी चारचौघांत म्हणाले, "ह्याला मागं उभा केला तर ह्याचं पोट पोरीला ढकलत न्हेईल आंतरपाटाच्या पल्याड. मंगलाष्टकं व्हायच्या आधीच लगीन लागायचं."

मांडव हसला. आक्कानं खाली बघितलं. मी न जेवता गाडी काढली. तेव्हापासून आष्ट्याचा रस्ता बंद केला. भाऊबीजेलाही गेलो नाही.

असाच काही काळ गेला आणि एक दिवस डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, साखर उंबऱ्यावर येऊन उभी आहे, वजन उतरवा, आणि कंबरेचं आधी मनावर घ्या. त्याच सुमारास कानावर आलं की आक्काच्या धाकट्या मुलीचं ठरलं. मला बोलावणं येणार का, आणि आलं तर पोरीच्या पाठीशी कोण उभं राहणार, हे मला आतनं खायला लागलं. पण विचारणार नव्हतो. सौद्यात जो पहिला आकडा बोलतो तो मार खातो, हे मी लोकांना शिकवलेलं आहे.

वजनाचं काम बायकोनं हातात घेतलं. तिचे उपकार मानायचे तर इथनंच सुरुवात करावी लागेल. घरात माझ्यासाठी वेगळा स्वयंपाक तिनं केला नाही. तिनं सगळ्या घराचंच ताट बदललं. जोंधळ्याची भाकरी, पालेभाजी, मुगाची उसळ आणि बिनसाखरेचा चहा. तो चहा ती स्वतः पहिल्यांदा प्यायली तेव्हाचं तिचं तोंड मला आठवतं, पण कप तिनं संपवला. सकाळी मला उठवून नदीच्या संगमावर चालायला घेऊन जायची. मी वाटेत तक्रारी करायचो. ती पुढं चालत राहायची, त्यामुळं तक्रारी ऐकवायला मला तिच्या मागं पळावं लागायचं.

वजन उतरायला लागलं. पण कुठलं? आधी तोंड गेलं. मग मान, दंड, मांड्या. गाल आत गेले, घड्याळ मनगटावरनं कोपराकडं पळायला लागलं. पोट मात्र आपल्या जागी. कमरेचा करदोटा पहिल्यासारखाच रुतत होता. मी मोबाइलवरून पोटाचा पट्टा मागवला. त्यानं घाम आला, पुरळ आलं, पोट गेलं नाही. जमिनीवर पडून पोटाचे व्यायाम केले, तर मान धरली.

शेवटी मी डॉक्टरीणबाईंवर चिडलो. म्हटलं, "बाई, हा कसला व्यवहार? मी पोट द्यायला काढलं होतं, तुम्ही तोंड उचलून नेलं. तोंड परत द्या आणि पोट घेऊन जा."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "कुठली चरबी आधी द्यायची हे शरीर ठरवतं. नुसते पोटाचे व्यायाम करून पोटाचीच उतरत नाही. बऱ्याच जणांचं पोट सगळ्यात शेवटी जातं. तुमचं चाललंय ते बरोबर चाललंय. झोप नीट घ्या, रात्रीचं जेवण लवकर करा आणि पट्टा फेकून द्या."

"शेवटी म्हणजे कधी?"

"तारीख देत नाही मी."

ह्या बाई माझ्या धंद्यात असत्या तर माझं कठीण होतं.

त्याच दिवसांत आष्ट्याकडचा एक शेतकरी ट्रॉली विकायला आला. माहीतगार गडी, मागं दोन वेळा माझ्याशी दुपारभर भांडून गेलेला. मी तयारीत बसलो. मुद्दाम कमी आकडा टाकला, म्हणजे तो उसळेल. तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला, मग पोटाकडं, मग जमिनीकडं.

"ठीक हाय," तो म्हणाला.

"काय ठीक हाय? अवं, वाढवून तर मागा."

"न्हाई मालक. तुमी म्हणता ते."

"ट्रॉलीचा सांगाडा चांगला हाय तुमच्या. टायर बरे हायत. भांडा की."

"तुमी उगं तरास करून घेऊ नका. तब्येतीला जपा."

माझ्याशी भाव करायला नकार देणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो. इतका राग आला की मीच आकडा वाढवला, त्याच्या वतीनं मीच भांडलो, आणि त्याला जास्त देऊन पाठवला. तो जाताना हात जोडून गेला. त्यामुळं तर आणखीच बिघडलं. मी माझ्या पदरचं वाढवून दिलं म्हणजे माझं काही खरं नाही, ही त्याची खात्री झाली.

आष्ट्यात जाऊन त्यानं काय सांगितलं ते मला मागाहून कळलं. "मालकाचं अवघड हाय. हातपाय वाळल्यात, तोंड बसलंय, नुसतं पोट फुगलंय. पाणी झालं असंल."

आमच्याकडं एक रीत आहे. आजारी माणसाला बघायला जायचं, मग तो वैरी का असेना. पुढच्या आठवड्यापासून माझ्या घरी माणसं यायला लागली. केळी, डाळिंबं, शहाळी, बिस्किटांचे पुडे. येणारा खुर्चीच्या टोकावर बसायचा, हळू आवाजात पावसापाण्याचं बोलायचा आणि उठताना बायकोकडं बघून मान हलवायचा. मी एकाला म्हटलं, "मी ठणठणीत हाय." तर तो म्हणाला, "व्हय व्हय, असंच म्हनायचं. धीर सोडायचा न्हाई." बिस्किटं मला खायची नव्हती आणि बायको ती शेजारी वाटत होती. मी ओरडलो की येणारा समजायचा, दुखण्यानं चिडचिड वाढली आहे.

आणि एका दुपारी आक्का आली. एसटीनं, एकटी, हातात कापडात बांधलेला डबा. दारातच थांबली. तिनं पाणी घेतलं नाही, बसली नाही. माझं मनगट हातात घेऊन बघितलं आणि रडायला लागली.

"कवापासनं हाय रं?"

"काय कवापासनं?"

"पोटातलं पाणी."

"पाणी न्हाई ते आक्का. चरबी हाय."

"खोटं बोलू नगंस. सगळ्या आष्ट्याला ठावं हाय."

"मग आष्ट्याला म्हणावं, येऊन दाबून बघा."

तिनं खरंच दाबून बघितलं. दोन्ही हातांनी, कणीक भिजली का बघावं तसं. एकदा बेंबीच्या वर, एकदा बाजूला. मग तिचं रडणं थांबलं आणि तोंड वाकडं झालं.

"आगं बया. ही तर चरबीच की."

स्वयंपाकघरातनं बायकोचं हसू ऐकू आलं. तेव्हा माझं डोकं सटकलं. मी म्हटलं, "म्हणजे मी मरायला टेकलो तरच यायचं व्हय? भर मांडवात मला पोटावरनं हसले, तवा तुझ्या तोंडाला काय झालं होतं?"

आक्का आता खाली बसली. पदरानं तोंड पुसून म्हणाली, "तू जेवायला थांबला असतास तर दिसलं असतं. तुझं ताट वाढून मी त्यांच्याफुडं ठिवलं. म्हनलं, माझा भाऊ उपाशी गेला, आता हे तुमीच खा. चारचौघांत म्हनलं. त्यांच्या आईनं मला अजून बोल लावलाय त्याचा. फोन केला तर तू कापलास."

हे मला माहीत नव्हतं. मी चुकलो असं मी त्या दिवशी म्हटलं नाही आणि आजही म्हणणार नाही. अपमान झाला तो झालाच. पण वाढलेलं ताट नवऱ्यापुढं ठेवणारी आक्का माझ्या डोळ्यांपुढं उभी राहिली आणि मीही तिच्या शेजारी खाली बसलो.

तिनं डबा सोडला. हुलग्याचं माडगं होतं. आई आजारपणात करायची तसं, लसूण ठेचून, मीठ बेताचं. "आजारी न्हाईस तर न्हाईस," ती म्हणाली, "आणलंय ते पी."

मी प्यालो. लहानपणी ज्या चवीला कंटाळून मी ट्रॅक्टर धुवायला पळालो होतो, तीच चव. वाटी पुन्हा पुढं केली.

मग आम्ही सौद्याला बसलो. धाकटीच्या लग्नात पोरीच्या पाठीशी मीच, हे तिनं मी मागायच्या आधीच कबूल केलं. मी म्हटलं, दाजींनी स्वतः अक्षत घेऊन बोलवायला यायचं. तीही कबूल. पण तिची एक अट होती.

"त्यांच्या जिभंला मी आवर घालू शकत न्हाई. लगीन झाल्यापासनं बघतीया. पोटावरनं ते बोलनारच."

"मग मी येत न्हाई."

"एकदा बोलू दे."

"एकदाच. दुसऱ्यांदा बोलले तर मी पोरीला घेऊन बोहल्यावरनं खाली उतरतो."

"एकदाच," आक्का म्हणाली आणि हातावर हात मारला. हातावर हात मारायचं आम्ही दोघं बापाकडनं शिकलो होतो.

ती गेल्यावर मी बायकोला विचारलं, "आक्कानं तुला फोन केला असंल की आधी."

"केला व्हता."

"मग मी बरा हाय म्हणून का सांगितलं न्हाईस?"

"त्यांनी विचारलं, लय आजारी हाय का. मी म्हनलं, येऊन बघून जावा."

एवढंच बोलून ती भाकरी थापायला गेली. मी इतकी वर्षं सौदे करतोय, पण असं काही न बोलता एवढा मोठा व्यवहार मला जमलेला नाही. रागवायला हवं होतं. रागवलोही थोडा, पण भाकरी गरम होती.

लग्नापर्यंत पोट थोडं उतरलं. सगळं नाही. करदोट्याची गाठ बायकोनं आत घेतली, तरी नव्या सदऱ्याखाली ते आहे हे दिसत होतं. दाजी ठरल्याप्रमाणं अक्षत घेऊन आले होते, आणि घरात एक शब्द पोटावर बोलले नव्हते. म्हणजे मांडवात बोलणार, हे उघड होतं. मी भाचीला हाताला धरून आणली, तिच्या पाठीशी उभा राहिलो आणि श्वास आत ओढून दाजींकडं बघितलं. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं, पोटाकडं बघितलं, तोंड उघडलं. आक्कानं डोळे मिटले.

"आत्ता न्हाई," दाजी म्हणाले. "शिल्लक ठेवतो."

आणि त्यांनी माझ्या ओंजळीत अक्षता दिल्या.

ती चेष्टा अजून त्यांच्याकडं शिल्लक आहे. भाऊबीजेला मी आष्ट्याला जातो, दाजी दारात उभे असतात, आणि गाडीतनं उतरायच्या आधी मी पोट आत घेतो. डॉक्टरीणबाई म्हणतात, राहिलेलंही हळूहळू जाईल. जाऊ दे. चालणं मी सोडलेलं नाही, चहाही बिनसाखरेचाच आहे. पण तोंडाबरोबर हे पोटही गेलं असतं, तर आष्ट्याचा तो शेतकरी माझ्याशी पहिल्यासारखा भांडला असता, आणि आक्का काही डबा घेऊन आली नसती.