डाव्या चाकावरचा आवाज

त्या वर्षी मी देवापुढे दिवा लावत होते, पण निव्वळ हाताच्या सवयीने. यांच्या दोन्ही किडन्या निकामी होऊन तीन वर्षं होत आली होती. सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस. बोरीवलीत जवळपास कुठे जागा मिळाली नाही, म्हणून पार पवईला जावं लागे. रिक्षाचे धक्के यांना सोसत नसत. मग पन्नाशी उलटल्यावर मी गाडी शिकले आणि आमच्या जुन्या छोट्या गाडीतून यांना नेऊ-आणू लागले. चार तास हे आत मशीनला, मी बाहेर बाकावर. परतताना हे इतके गळून जात की लिफ्टपर्यंत धरून न्यावं लागे. आम्हाला मूलबाळ नाही. नातेवाईक सुरुवातीला घरी येत, मग फोन करत, मग तेही थांबलं. त्यांना दोष देत नाही. ज्याचं त्याला असतंच.

त्यातच गाडी वाजू लागली. खड्ड्यातून गेली की पुढच्या डाव्या चाकावर खटकन आवाज, आणि जागेवर स्टिअरिंग वळवलं की स्प्रिंग ताणून सोडल्यासारखं टण्ण. हे साकीनाक्याच्या एका कारखान्यात तीस वर्षं फिटर होते. डोळे मिटून बसलेले असले तरी कान जागे असत. "अगं, शॉकअपची वरची माउंटिंग गेलीय. रबर फाटलंय आतलं. दाखव कुठेतरी." सोसायटीजवळच्या गॅरेजवाल्याने बॉनेटवर हात ठेवून गाडी दोनदा हलवली आणि "काकी, चालेल अजून" म्हणाला. मला तेवढंच ऐकायचं होतं. गाडी दिवसभर गॅरेजमध्ये सोडायची तर दिवस कुठला? एकाआड एक दिवस डायलिसिस, मधल्या दिवशी रिपोर्ट, औषधं, घरचं. यांनी पुन्हा आवाजाचं काढलं तेव्हा मी खेकसले, "तुम्हाला त्या आवाजाचीच पडलीये! माझ्या जिवाचं काय चाललंय ते कधी ऐकू आलं का?" त्यानंतर हे गाडीत बसले की दाराच्या वरचं हँडल घट्ट धरून बसत.

आता लिहिते आहे ते मी फार थोड्या माणसांना सांगितलंय. त्या शुक्रवारी मशीनवर यांचं प्रेशर पडलं आणि डायलिसिस अर्ध्यात थांबवावं लागलं. शनिवार-रविवारी अंगात पाणी साचत गेलं. पाय सुजले, आडवं झालं की दम लागे, म्हणून खुर्चीतच बसून होते. रविवारी दिवेलागणीला मी देवघरासमोर बसले. आमचं मूळ गाव वेंगुर्ल्याकडचं, तिथला रवळनाथ आमचा ग्रामदेव. त्याची तसबीर सासरे गिरणीत लागले तेव्हा त्यांनी गावाहून आणलेली. तिच्याकडे बघत मी म्हटलं, "सोडव आता. यांना सोडव." एवढंच म्हणाले असते तर निदान यांच्यासाठी मागितलं असं स्वतःला सांगता आलं असतं. पण पुढचं वाक्य आपसूक आलं, "आणि मलाही." मी उठून कुकर लावला.

सोमवारी सकाळी निघालो. हायवे कसाबसा पार झाला. जोगेश्वरीहून पवईकडे वळलो आणि थोड्या अंतरावर गाडी एका खड्ड्यात आदळली. आजवरच्या खटक्यासारखा तो आवाज नव्हता. खालून कुणी घण मारावा तसा आवाज झाला आणि बॉनेट डाव्या बाजूने थरथरलं. मी स्टिअरिंग डावीकडे घेतलं होतं ते परत येईना. मध्येच कुणीतरी धरून ठेवल्यासारखं अडकलं आणि गाडी फुटपाथच्या कठड्याकडे जाऊ लागली. माझा एक हात स्टिअरिंगवर होता. दुसरा कधी यांच्या छातीवर आडवा गेला मला कळलंच नाही. ब्रेक दाबला. कठड्यापासून हातभर अंतरावर गाडी थांबली.

मागून हॉर्नचा गोंधळ सुरू झाला. हे घामाने निथळत होते, ओठ निळसर दिसत होते. रिक्षांना हात केला, एक थांबेना. मोबाइलवर टॅक्सी मिळेना. डायलिसिस केंद्रात फोन लावला तर सिस्टर म्हणाली, "मावशी, लवकर आणा, उशीर नको." मी भर रस्त्यात उभी राहून रडायला लागले. आमच्या मागे अडकलेल्या टेंपोतून साठीचा एक माणूस उतरला तो ओरडतच. "ओ बाई, गाडी चालवायला येत नाय तर घरी बसा ना! सगळ्या रस्त्याची वाट लावलीत!" तेवढ्यात आतून यांचा आवाज आला, धापेबरोबर तुटत, "बा रवळनाथा..."

तो माणूस थबकला. खिडकीतून आत वाकून त्याने यांच्याकडे पाहिलं, आणि त्याचा आवाजच बदलला, बोलीही आमच्या गावाकडची झाली. "खंयचे गे बाये तुम्ही?"

"वेंगुर्ल्याकडचे," मी म्हटलं. "डायलिसिस आहे यांचं पवईला. श्वास लागलाय."

त्याने बॉनेट उघडून पाहिलं. डावीकडे, जिथे शॉकअपचं वरचं टोक गाडीच्या अंगाला बसवलेलं असतं, तिथलं रबर फाटून दांडा वर उचलला गेला होता. "ही आता फूटभर हलवू नको. चाक हातात येतला. आधी ह्येंका पोचवया, गाडी खंय पळान जायत नाय." आजूबाजूच्या दोघांना हाक मारून त्याने गाडी ढकलून कडेला लावली. मग यांना जवळजवळ उचलून टेंपोत पुढे बसवलं. मी दाराशी अंग चोरून बसले. समोर काचेवर पिवळ्या अक्षरांत रंगवलं होतं, श्री रवळनाथ प्रसन्न.

सिंधुदुर्गात गावोगावी रवळनाथ आहे आणि मुंबईत तिकडची माणसं हजारोंनी आहेत, हे मलाही ठाऊक आहे. त्यामुळे या गोष्टीबद्दल मी कुणाशी वाद घालत नाही. मला एवढंच सांगता येईल की आदल्या संध्याकाळी जे मागितलं होतं ते आठवून त्या अक्षरांकडे मला वर मान करून पाहवेना. सगळ्या रस्ताभर मी यांचा सुजलेला हात धरून मनात एकच म्हणत होते, नको, नको, ते ऐकू नकोस.

केंद्रात पोचताच यांना ऑक्सिजन लावून मशीनवर घेतलं. फुप्फुसात पाणी भरायला लागलं होतं. डॉक्टर म्हणाले, "अजून अर्धा तास गेला असता तर आमच्या हातात काही नव्हतं." मी बाहेर आले तेव्हा टेंपोवाला दाराशीच उभा होता. त्याने साकीनाक्याच्या ओळखीच्या मेकॅनिकला फोन करून गाडी उचलायला सांगितली होती. मी नाव विचारलं तर हात झटकून म्हणाला, "तुका बोललंय, ता मनात ठेव नको. माल पोचवूचो हा, जातंय." आणि गेला. पुन्हा कधी दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी मी साकीनाक्याला गेले. मेकॅनिकने दोन्ही बाजूंच्या माउंटिंग आणि बेअरिंग बदलली होती. जुनी डावी माझ्या हातात ठेवून तो म्हणाला, "काकी, हे बघा, रबराचे दोन तुकडे. बेअरिंग गंजून जाम. म्हणून स्टिअरिंग अडकलं. आवाज तर कधीचा येत असेल ना?" मी म्हटलं, "यांनी सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही."

हे बरे झाले नाहीत. तसं होणार नव्हतंच. पण आणखी पाच महिने मिळाले. एकदा डायलिसिसनंतर म्हणाले, "पवई तलावाशी थांब जरा." दिवसाला मोजून चार कप पाणी मिळणारा माणूस, तलावाकडे बघून हसला. "केवढं पाणी आहे गं!" तिथे गाडीत बसूनच मी यांना सगळं सांगितलं, रविवारचं मागणं, शेवटच्या वाक्यासकट. वाटलं होतं, तोंड फिरवतील. हे पाण्याकडे पाहतच म्हणाले, "मी तर वर्षभर तेच मागतोय. तू सुटावीस म्हणून." आम्ही दोघेही रडलो. शेंगदाणेवाला खिडकीशी येऊन, बघून, तसाच निघून गेला.

चैत्रात एका सकाळी चहाची वाट बघत बसल्या बसल्या हे गेले. माझा हात यांच्या पाठीवर होता. दुःखात बुडाले, पण ज्याची धास्ती होती ते मन खाणारं काही मागे उरलं नाही. त्याबद्दल मी ज्याचे आभार मानते तो कोण, कुठल्या रूपात आला, हे शोधायला जात नाही. आपल्याला काय हवं हे आपल्यालाच धड कळत नसतं, एवढं मात्र मला कळलं. आता संध्याकाळी दिवा लावते, थोडा वेळ बसते. मागत काही नाही. आज दिवसभरात काय काय झालं ते त्याला सांगते आणि उठते.