पेणचा इअरफोन, रोह्याचा कान

"प्रकाशशेठ, हे परत घ्या. गणपतीचा डोळा हुकला."

दिगंबरकाकांनी डबा काउंटरवर ठेवला. दुकानात तीन गिऱ्हाइकं उभी होती आणि तिघंही माझ्याकडे बघायला लागली. पेणच्या बाजारात मी सत्तावीस वर्षं दुकान चालवतोय. रेडिओ दुरुस्तीनं सुरुवात केली, मग टेपरेकॉर्डर, सीडी प्लेअर, आता मोबाइलचे इअरफोन. आवाजाच्या बाबतीत माझ्याकडून घेतलेली वस्तू परत यायची नाही, असा माझा तोरा होता. आणि हा तोरा त्या दिवशी चारचौघांत उतरला.

दिगंबरकाका गणपतीच्या कारखान्यात आखणी करतात. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रेखाटणं. बाकी रंग कोणीही देईल, पण डोळे काढणारी माणसं अख्ख्या पेणात मोजकी. काका शून्य नंबरचा ब्रश घेतात, श्वास हळूहळू सोडत पापणीची रेघ ओढतात. हे सगळं कानात गाणं लावून. त्यांच्या शेजारीच रंगाच्या गनचा कंप्रेसर दिवसभर धडधडत असतो. त्याच्यात हात स्थिर राहावा म्हणून ते जुनी नाट्यगीतं ऐकतात. "एका आलापात एक पापणी," हा त्यांचा हिशेब.

त्यांचा जुना इअरफोन तुटला, म्हणून आठवड्यापूर्वी ते माझ्याकडे आले होते. सीझन तोंडावर होता. मी मनापासून निवड केली, हे आधीच सांगून ठेवतो.

मधल्या किमतीत, म्हणजे दीड-दोन हजारांच्या आसपास, माझ्याकडे वायरवाले दोन चांगले पीस होते. एक काळा, एक चंदेरी. काळ्याला बेस जबरदस्त. बेस म्हणजे खालचा जाड आवाज, ढोल-ताशाचा. पोरांना तोच लागतो. पण बेस वाढला की गाणाऱ्याचा गळा त्याच्याखाली दबतो. चंदेरीत गळा पुढे येतो, ऑर्गनचे सूर सुटे सुटे ऐकू येतात. शिवाय त्याची वायर कानामागून पाठीवर जाते, ओल्या रंगाला लागत नाही. काकांनी दोन्ही ऐकले. चंदेरी लावल्यावर डोळे मिटून म्हणाले, "ह्यो माणूस माझ्यासमोर बसून गातोय."

मग मी माझ्या सवयीनं रबरी टिप कानात घट्ट दाबून दिली. टिप म्हणजे कानात जाणारी ती छोटी टोपी. ती कानात गच्च बसली की बाहेरचा आवाज बंद होतो आणि बेस पूर्ण येतो. आमच्या भाषेत ह्याला सील म्हणतात. सील नाही तर इअरफोन नाही, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो.

दोन दिवसांनी काकांचा फोन. "गाणं झ्याक हाय. पण माझा श्वास ऐकू येतो. फुस्स, फुस्स. मधेच छाती पण वाजते."

"नवा आहे काका. दहा-बारा तास वाजू द्या, मोकळा होईल."

हे आम्ही दुकानदार सगळेच सांगतो. खरं सांगायचं तर तेवढ्या वेळात गिऱ्हाइकाला सवय होते आणि तक्रार बंद पडते. काकांना सवय झाली नाही. पापणी ओढताना स्वतःचाच श्वास कानात घुमला, त्यांनी दचकून तो रोखला आणि रेघ लटपटली. एकदा नाही, तीनदा. पांढरा रंग देऊन डोळे पुन्हा काढावे लागले. कारखान्याचा मालक म्हणाला, "काका, वय झालं काय तुमचं?"

हे सगळं काका आता काउंटरपाशी उभ्यानं सांगत होते. चाळीस वर्षं डोळे काढणाऱ्याला हे ऐकून घ्यावं लागलं होतं. तेव्हा मी निदान त्यांना बसायला स्टूल द्यायला हवं होतं. पण तीन गिऱ्हाइकं बघत होती.

"इअरफोन चांगला आहे," मी म्हणालो. "आणि कानात घातलेला माल परत घेत नाही मी. पाटी लावलीय बघा."

काकांनी पाटी वाचली. डबा उचलला. "बरं. मग रोह्याला जातो. थय एक जण हाय, कान बघून देतो म्हणतात."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कारण तो एक जण म्हणजे माझा साडू.

नितीन, माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. बारा वर्षं रोह्याच्या केमिकल कंपनीत शिफ्ट करत होता. दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडली आणि मोबाइल, इअरफोनचं दुकान टाकलं. टाकताना माझा सल्लासुद्धा घेतला. मी मोठेपणानं दिला, कारण हे सहा महिन्यांत बंद पडणार याची मला खात्री होती. आता नागोठण्याची, कोलाडची गिऱ्हाइकं त्याच्याकडे जातात. तेवढं मी गिळलं होतं. पण पेणचा माणूस? सोल्डरिंगची वायर कुठून धरायची हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्याकडे?

घरी जेवताना बोललो, तर सुरेखा, माझी बायको, म्हणाली, "नितीनरावांचा स्वभाव गोड आहे. गिऱ्हाइकाला बसवून घेतात."

"स्वभावानं बेस येतो का?"

"तुमच्या पोटात दुखतंय, सरळ सांगा ना."

दुखतच होतं. चांगलं दुखत होतं. त्यानं काकांना कुठला तरी फालतू पीस गळ्यात मारावा आणि काकांनी परत माझ्याकडे यावं, असं मला मनापासून वाटत होतं. काकांचं काम अडलंय, हे त्यात कुठंच नव्हतं. लाज वाटते, पण खरं तेच सांगतोय.

पाच दिवस काकांचा पत्ता नाही. सहाव्या दिवशी मी कारखान्याचा स्पीकर बघायचं निमित्त काढून तिथं गेलो. स्पीकरला काहीही झालेलं नव्हतं.

काका पाटावर बसले होते, समोर हातभर उंचीची मूर्ती. डावा डोळा झालेला, उजवा चालू. मी मागं उभा राहिलो. ब्रश टेकला, रेघ निघाली, वर गेली आणि बारीक होत होत कोपऱ्यात संपली. हात जरासुद्धा हलला नाही. कंप्रेसर धडधडतच होता.

मग माझं लक्ष त्यांच्या कानाकडे गेलं. चंदेरी वायर, कानामागून पाठीवर गेलेली. माझाच पीस!

"काका, हा तर मी दिलेला!"

"व्हय. तुमचाच." काकांनी एक बाजू काढून दाखवली. "नितीनशेठनी उजवी टोपी बदलली फक्त. उजवीकडं लहान, डावीकडं मधलीच, पण न दाबता. माझे कान सारखे नाय म्हणे."

"दोन कानांना दोन साइज?"

काका हसले. "शेठ, मी जन्मभर डोळे काढतो. एका तोंडावर दोन डोळे सारखे नसतात. मग कान कसे असतील?"

मी टिप बघितली. सैल होती. "असं लावलं तर सील बसणार नाही. बेस सगळा जाणार!"

"जाऊ दे की. गाणाऱ्याचा गळा हाय ना जागेवर."

"आणि कंप्रेसर ऐकू येत असेल."

"येतो थोडा. तो भायेरचा आवाज, त्याची सवय हाय मना. आतला नको."

मी विचारलं, टिपांचे किती घेतले? म्हटलं निदान तिथं तरी त्यानं कापलं असेल.

"कसले घेतायत. तुमच्याच डब्यात होत्या. तळाला पाकीट होतं, सीलबंद. त्यांनी फोडलं." काका ब्रश धुवायला लागले. "काखेत कळसा नि गावाला वळसा, म्हणतात ना. आणि हां, ते म्हणत होते, इअरफोन एक नंबर निवडलाय, हा आमच्या भाऊंचाच असणार."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. त्यानं मला नावं ठेवली असती तर परवडलं असतं.

रविवारी सुरेखाला बहिणीकडे जायचं होतं. मी न कुरकुरता गेलो, त्यामुळे तिला संशय आला. नितीनच्या दुकानात काउंटरच्या अलीकडे गिऱ्हाइकासाठी दोन खुर्च्या आहेत. मी एकीवर बसलो आणि थेट विचारलं, "तुला कसं कळलं रे?"

"भाऊ, मी त्यांना विचारलं, ऐकताना काय करता? ते म्हणाले, श्वास सोडत सोडत रेघ ओढतो. तिथंच कळलं."

"पण त्यातलं तुला काय माहीत?"

"कंपनीत होतो ना. आमच्या प्लांटमध्ये कानात प्लग घालायला लागायचे, आवाजापासून बचाव म्हणून. पहिले पंधरा दिवस स्वतःचाच श्वास ऐकून जीव घाबरायचा. कान गच्च बंद केला की आतलं सगळं मोठं होतं. एका कानाला प्लग दुखायचा, एका कानातून पडायचा. तेव्हा कळलं की दोन कान वेगळे." त्यानं चहा माझ्यापुढं सरकवला. "सुपरवायझरला सांगितलं, तर तो म्हणाला, सवय होईल."

मी चहाचा कप तोंडाला लावला. ज्या कंपनीवरून मी त्याला दोन वर्षं हिणवत होतो, तिथूनच तो हे शिकून आला होता. आणि मी त्या सुपरवायझरसारखंच माझ्या गिऱ्हाइकाला वाटेला लावलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर आधी ती माल परत न घेण्याची पाटी काढली. मग कपाटातले डेमोचे डबे उघडले. प्रत्येकाच्या तळाला टिपांचं पाकीट होतं, लहान आणि मोठी जोडी, एकही न फोडलेलं. मला मधली साइज बसते, म्हणून मी जगाला मधली देत आलो होतो. दुपारी कारखान्यात जाऊन काकांची माफी मागितली. मालकासमोर मागितली, कारण बोलणी त्यांनी मालकाकडूनच खाल्ली होती. मालकाला सांगितलं, "चूक माझ्या टिपेची होती, काकांच्या हाताची नाही." काका म्हणाले, "बसा, चहा येतोय."

त्या कारखान्यातल्या चार कारागिरांनी नंतर माझ्याकडूनच चंदेरी पीस घेतले. पण टिपा बसवायला चौघंही रोह्याला गेले. मी बसवून देतो म्हटलं, तर हसले. "पेणचा इअरफोन, रोह्याचा कान," असं आता कारखान्यात म्हणतात.

आमच्या घरच्या गणपतीची आखणी काकांनीच केली. मूर्ती पाटावर ठेवल्यावर सुरेखा बघतच राहिली. "डोळे किती शांत आलेत हो!"

"इअरफोन मी निवडलेला आहे," मी म्हणालो.

"हो. आणि टिप नितीनरावांनी."

सणासुदीला वाद नको म्हणून मी आरतीचं तबक उचललं. हेवा काही गेलेला नाही, अजून अधूनमधून उठतो. पण धंद्यातली एक गोष्ट शिकलो, ती सांगतो. गिऱ्हाइकाला माल दाखवताना डबा तळापर्यंत उघडावा. आपण नाही उघडला, तर तो रोह्याला उघडला जातो.