वन्संचा सुकटीचा डबा

वन्सं गेल्याचा फोन आला तेव्हा मी वाशीच्या मार्केटात कांद्याच्या गाळ्यासमोर उभी होते. "ताई गेली गं..." एवढंच हे म्हणाले. अंगणात जवळा, म्हणजे बारीक कोलंबी, निवडत बसल्या होत्या म्हणे, सूप मांडीवर तसंच आणि मान भिंतीला टेकलेली. मला काय सुचावं, तर खाडीकाठी वाळत पसरलेली सुकट आता दुपारी कोण उलटणार! माणूस गेल्यावर मन असं कुठल्या तरी बारीकशा गोष्टीला जाऊन चिकटतं. कांदे तिथेच टाकून मी रिक्षा केली.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद, हिराबाई. मी कऱ्हाडकडची. लग्न होऊन या खाडीकाठच्या गावात आले तेव्हा सुक्या मासळीच्या वासानं पहिल्याच दिवशी नाकाला पदर लावला. बायका कुजबुजायला लागल्या. वन्सं मात्र हसून म्हणाल्या, "लावू दे गो तिला पदर. उद्या हीच मागून खाईल." आणि खाल्लीच की मी! ऐन तरुणपणी विधवा होऊन त्या माहेरी परतल्या होत्या, बरोबर एकुलती एक लेक, प्रीती. मासळी सुकवून, विकून त्यांनी तिला इंजिनीअर केलं. आम्ही पुढे खारघरला फ्लॅटमध्ये राहायला गेलो, तिथे काही त्या रमल्या नाहीत. "तुमचे गॅलरीन मना वारा लागत नाय," म्हणायच्या आणि दुसऱ्या दिवशी गावी परत.

गावाच्या कडेला, खाडीलगत एक मोकळी जागा होती. गावच्या बायका वर्षानुवर्षं तिथे जाळी अंथरून मासळी सुकवायच्या. शेजारी टॉवर उभे राहिले आणि एके दिवशी त्या जागेला पत्रे लागले, फाटक बसलं, 'प्रवेश बंद'ची पाटी आली. तिथे म्हणे बाग होणार. अर्ज झाले, खेटे झाले, साहेब बदलले... शेवटी वन्संनी बायकांना अंगणात जमवलं. आत जायचं एवढं ठरलं. कोणीतरी म्हणालं, अंधारात पत्रा उचकटून जाऊ. वन्सं अशा भडकल्या! "आमी चोर हाव का? उजेडान जावाचा, फाटकातून जावाचा, आन् पोलिसांना आदी सांगून जावाचा." शिवी द्यायची नाही, दगड उचलायचा नाही, धरायला आले तर पळायचं नाही, आणि निघताना जागा झाडून निघायचं. वन्सं कधी शाळेत गेल्या नाहीत. हे सगळं त्यांना कोणी शिकवलं मला माहीत नाही. मला वाटतं, ज्या घरात चार जावा एकाच चुलीवर नांदल्या, तिथे भांडायचं कसं याचेही नियम होते, तेच त्यांनी फाटकापर्यंत आणले.

पोलीस चौकीत सांगायला त्यांनी मला बरोबर नेलं, कारण माझी भाषा 'पुस्तकातली'. हवालदार चक्रावला. "मावशी, तुम्ही नियम मोडणार, हे आधीच सांगायला आलाय?"

"मंग? मागून सांगून काय उपेग?"

दुसऱ्या दिवशी बायका दिवसाउजेडी, बागेच्या कामासाठी उघडलेल्या फाटकातून आत शिरल्या, सुकट पसरली आणि वाट बघत बसल्या. पोलीस काही येईनात. पाहुणे जेवायला उशिरा आले की घरधनीण जशी आतबाहेर करते, तशी वन्संची घालमेल. शेवटी मलाच फोन लावायला लावला. जीप आली तेव्हा बायका एकेक करून मुकाट चढल्या. वन्सं ड्रायव्हरला म्हणाल्या, "सुकट उलटून येतंव, जराक थांब रे बाला." आणि तो खरंच थांबला.

बाकीच्यांना समज देऊन सोडलं. चौकीत दिलेल्या यादीत वन्संचं नाव पहिलं होतं, त्यांच्यावर केस झाली आणि तारखांमागून तारखा पडत गेल्या. त्यातच प्रीतीला दिवस गेले. ती ऑस्ट्रेलियात, पहिलं बाळंतपण, तिला आई हवी होती. पण केस चालू, म्हणून वन्संचा पासपोर्ट अडकला. चूक झाली, पुन्हा आत जाणार नाही, एवढं लिहून दिलं तर मिटेल, असं वकील म्हणाले. व्हिडिओ कॉलवर प्रीती रडत होती. "एक सही तर आहे, आई. माझ्यासाठी कर ना." मीही गळ घातली. फोन बंद झाल्यावर वन्सं मला म्हणाल्या, "आत गेली म्हनून शिक्षा देवा, घेईन मी. पन चूक झाली असा कसा लिवू? चूक नाय ती. मी लिवला, तर उद्या त्या बाया कुठचे तोंडान आत जातील?" आणि मग एकदम फुटल्या. "मना जावाचा होता गो सुनंदा... लय जावाचा होता." इतक्या वर्षांत त्यांना रडताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

त्यांच्याऐवजी मी गेले. डिंकाचे लाडू, त्यांनी शिवलेली दुपटी आणि प्रीतीच्या आवडीच्या सुकटीचा स्टीलचा डबा. तिकडे विमानतळावर खाण्याचे जिन्नस तपासतात हे मला ठाऊक होतं, म्हणून मी डबा साड्यांच्या घडीत पार तळाशी दडवला. वन्संनी बॅग उपसून तो बाहेर काढला. "लपवून काय नेवाचा नाय. सांगाचा. त्यांनी दिला तर दिला, नेला तर नेला." झक मारत तिथे सांगितलं. अधिकारी बाईनं झाकण उघडलं, नाक मुरडलं आणि सगळी सुकट कचऱ्याच्या टोपलीत ओतली. रिकामा डबा घेऊन मी प्रीतीच्या दारात उभी! वन्संना फोन केला तर विचारतात काय, "सांगितलास ना? मंग झाला." प्रीतीला मात्र हसू आलं नाही. "तिला माझ्यापेक्षा ती जागा मोठी," म्हणाली.

पुढे निकाल लागला. आत गेला होतात का, असं विचारल्यावर वन्सं म्हणाल्या, "हाव साहेब, गेली होती." कोर्ट उठेपर्यंत बसून राहायची शिक्षा झाली. बसल्या, ताठ. बाग अजून झालेली नाही, पाटी अजून आहे, पण फाटकाला सकाळी कुलूप नसतं. प्रीती लेकीला घेऊन एकदा येऊन गेली, आईशी गोड बोलली, पण पाहुण्यासारखी. वन्संना ते कळलं होतं.

तेराव्यानंतर प्रीती आईच्या खोलीत बॅग भरत होती. फळीवर तोच, मी रिकामा परत आणलेला स्टीलचा डबा होता, वन्संनी शेवटची सुकवलेली सुकट गच्च भरून ठेवलेली. तिनं तो छातीशी धरला. मग माझ्याकडे दिला. मला आपला मागचा अनुभव, मी तो आईच्या साड्यांत गुंडाळून तळाशी घालायला लागले.

"वर ठेव, मामी."

"अगं, काढून घेतील."

"घेऊ देत. मी सांगणार आहे. विचारलं ना काय आहे, तर म्हणेन, माझ्या आईनं केलंय."

मी साड्या खाली घातल्या आणि डबा वर ठेवला.