डायलवरचा डाग

मी नवऱ्याचं मनगटी घड्याळ चिंच लावून घासलं होतं. हो, चिंच आणि वर चिमूटभर राख.

आमच्याकडे लग्नात नवरदेवाला सासऱ्याकडून घड्याळ मिळायचं आणि ते खरं की खोटं हे मांडवातले पाहुणे ठरवायचे. ज्याला त्याला कानाला लावून बघायचं असायचं. टिकटिक आली की पास. माझ्या वडिलांनी दिलेलं घड्याळही असंच अख्ख्या मांडवाच्या कानाला लागून आलं होतं. पुढं त्याची काच निघाली, म्हणून ह्यांनी ते भोकरदनला दुरुस्तीला न्यायला भिंतीतल्या देवळीत काढून ठेवलं. माझी सासरची पहिली दिवाळी. मी समया घासत बसलेली, अंगात काम करून दाखवायची खुमखुमी. घड्याळाची डायल पिवळट दिसली. म्हटलं, किती मळू दिलंय! काटे कसे वाचले देव जाणे. आकडे गेले, कंपनीचं नाव गेलं, खाली चकचकीत पत्रा उरला. आणि ही शहाणी बाई तो पदरानं पुसून नवऱ्यापुढं धरते, "बघा, नवं कोरं केलं!"

ह्यांनी एकदा घड्याळाकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मग काच बसवून आणली आणि तेच घालायला लागले. राजूरला चतुर्थीच्या गर्दीत दोस्तमंडळी मुद्दाम वेळ विचारायची. हे गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, "सातच्या आसपास."

काही वर्षांनी त्याची मशीनही गेली. पोरांनी नवी घड्याळं आणली, ह्यांनी एकालाही हात लावला नाही. "माझं हाय की," म्हणायचे. असलेलं पेटीत, मनगट मोकळं.

यंदा हे बरेच थकले आणि माझ्या मनानं घेतलं, की ह्यांच्या हातावर पुन्हा तसलंच घड्याळ बघायचं. त्याच कंपनीचं, त्याच काळातलं. धास्ती एकच. बनावट निघालं तर ह्यांना ओळखू येणार आणि तेही पेटीत जाणार.

माझी नात नवीन जालन्यात बियाण्याच्या कंपनीत आहे. तिनं स्टेशनजवळचं एक दुकान हुडकलं. दुकानदारानं दोन घड्याळं पुढं ठेवली. एक पांढरंशुभ्र, काळेभोर आकडे. दुसरं दुधाळ चहाच्या रंगाचं, वर एक डाग. माझा हात कुठं गेला असेल? पांढऱ्याकडं!

"आज्जी, जल्दी नको," नात म्हणाली आणि तिनं माझ्या हाती भिंग दिलं. "अक्षरांच्या कडा बघ आधी."

भिंगातून पाहिलं तर अक्षरं जाडीभरडी, एक तर दारू प्याल्यासारखं कललेलं. मिनिटांचे ठिपके रेघेवरून घसरलेले.

"ह्याला वरून रंग दिलाय हो!" मी म्हणाले.

दुकानदार हसला. "दिलाय की, आजी. विचारलं असतं तर सांगितलं असतं. गिऱ्हाइकाला चमक लागते."

मग दुसरं घेतलं. त्याची अक्षरं केसासारखी बारीक आणि सरळ. अंधारात दिसण्यासाठी काट्यांवर आणि आकड्यांवर जी भुकटी लावतात, ती दोन्हीकडं एकसारखी पिवळी पडलेली, जोडीनं म्हातारी झालेली. फक्त चारच्या आकड्याजवळ तो तपकिरी डाग. मी पदराचं टोक पुढं केलं, तोच नातीनं माझं मनगट धरलं.

"तो काचेच्या आत आहे गं. नीट बघ."

डाग लांबट होता, टोकाशी निमुळता. दुकानदारानं चावी ओढून काटे फिरवले. तासकाटा सरकत चारजवळ आला आणि त्या डागावर असा बसला, की डाग दिसेनासा झाला.

"कित्येक वर्षं बंद पडून होतं," दुकानदार म्हणाला. "काटा एकाच जागी. त्या भुकटीनं खालची डायल करपली. हे काय कुणाला रंगवता येतंय?"

कुणी हात लावला नाही, कुणी लिहिलं नाही, आणि काळानं आपली सावली तिथं उमटवून ठेवली होती. दुकानदारानं मागचं झाकण उघडून चार पीळ दिले. शर्टाच्या बटणाएवढं एक चाक थरथरलं आणि डोलायला लागलं. त्याच्या पोटातली केसाहून बारीक कमान फुलायची, मिटायची, फुलायची, निजलेल्या बाळाच्या टाळूसारखी. देवळात गाभाऱ्यापुढं वाकावं तशी मी त्यावर वाकले, आणि मला एका जागी खिळवणं सोपं नाही, हे नातीला विचारा. त्या दिवाळीला मी मळ म्हणून जे घासलं, ते घड्याळाचं वय होतं. काळाशी भांडायला निघाले होते, तेही चिंच घेऊन!

घरी ह्यांनी घड्याळ आधी कानाला लावलं. मग भिंग मागून घेतलं आणि खिडकीशी जाऊन किती तरी वेळ बघत राहिले. मी डागाची हकिकत सांगितली. आता हे म्हणणार, माझं हाय की. मी पेटीकडं बघायचंही टाळत होते.

ह्यांनी डावा हात माझ्यापुढं केला आणि म्हणाले, "लई वर्षं एका जागी हुभं राह्यलं गं बिचारं. बांध, जरा हिंडवून आणतो त्याला."