बांगडीवालीचं भाडं

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, जाऊ द्या हो, नोकरीत असं होतंच. तेच तर ऐकायचं नव्हतं मला. तुम्हाला सांगतोय — तुम्ही तरी 'जाऊ द्या' म्हणू नका.

नांदेड जिल्ह्यातल्या एका कोर्टात मी कारकून होतो. साक्षीदार आला की त्याचा भत्ता, म्हणजे एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी, मिळवून देणं माझं काम. कागद करायचा, जज्जसाहेब उठायच्या आत सही घ्यायची, रोख हातावर ठेवायची. बस्स. रक्कम चहापाण्याची. पण ज्याला त्यावरच घरी परतायचंय, त्याला ती केवढी असेल?

मुमताजबी दारोदार बांगड्या भरायची. नायगावकडच्या एका घरी नवऱ्यानं बायकोला पेटवलं, ते तिनं डोळ्यांनी पाहिलं. दुसऱ्या कुणी पाहिलं नव्हतं. पुढं ती देवणीला लेकीकडं राहायला गेली. तिथून उदगीरला गाडी बदलून तारखेला यायची, आणि आरोपीचा वकील पुढची तारीख मागून घ्यायचा. साक्ष झाली नाही तरी आलेल्याला भत्ता मिळतो. पहिल्याच दिवशी तिनं वकिलांच्या देखत मोठ्यानं विचारलं, "ओ बाबू, माझं भाडं देता का न्हाई?" सगळे हसले. मला झोंबलं.

"फंड न्हाई," मी म्हणालो. "पुढच्या तारखेला बघू."

फंड होता. पुढच्या तारखेलाही होता, आणि मी तेच म्हणालो. खोटं कशाला बोलू — लई बरं वाटलं. मान खाली घालून मागेपर्यंत द्यायचं नाही, असं ठरवलंच होतं मी. काय निजाम लागून गेलो होतो? गेटावर आरोपीची माणसं तिला चहाला बोलवायची, आणि ती त्यांच्या हातचं पाणीसुद्धा घ्यायची नाही. हे मी खिडकीतून बघायचो. तरी नाही दिलं.

मग ती यायची थांबली. वॉरंट निघालं. ते मीच लिहिलं. पोलिसांनी तिला जावयाच्या दारातून, गल्लीच्या देखत उचललं. पिंजऱ्यात उभी राहून ती म्हणाली, "मला काय बी याद न्हाई." सरकारी वकिलानं परोपरीनं विचारलं. तेच उत्तर. फितूर म्हणून नोंद झाली, आणि पुढं नवरा सुटला.

त्या दिवशी मात्र मी न मागता कागद केला — ती साहेबांना सांगेल याची भीती वाटली, दुसरं काय? तो घेऊन तिच्यामागं व्हरांड्यात गेलो.

"आज भाडं कशाचं, बाबू? पोलिसांच्या गाडीत फुकट आणलं की मला."

तेवढ्यात मेलेल्या पोरीचा बाप आडवा आला. तिच्या पायाशी थुंकला. "किती घेतलेस? माझ्या लेकीचे किती घेतलेस?"

ती माझ्याकडं बघत राहिली. तिनं आरोपीकडून छदाम घेतला नव्हता आणि सरकारकडूनही तिला मिळाला नव्हता — हे तिथं आम्हा दोघांनाच माहीत होतं. तिचं त्यानं ऐकलं नसतं. माझं ऐकलं असतं. मी कागद चुरगाळून खिशात घातला, आत गेलो आणि पुढच्या केसचा पुकारा करायला सांगितलं.

तो बाप आता नाही. मरेस्तोवर गावभर सांगत होता — बांगडीवालीनं माझी लेक विकली.