बदलीचा मालक

सुकन्या पाटीलने सासऱ्यांकडून तीन वाक्यं पाठ करून घेतली होती. मुस्तकीम आमचा कामगार नाही. त्याला जमालुद्दीनने आपल्या जागी आणला. त्याचे पैसे जमालुद्दीनच देत होता. चौथं वाक्य बोलायचं नाही, असंही तिने बजावलं होतं.

"एवडंच?" चांगदेव पाटील म्हणाले. "यासाठी दोन वर्सं पुस्तकं वाचलीस?"

"काय बोलायचं नाही हे कळायलाच वाचतात, आबा."

ही २००७ सालातली गोष्ट. भिवंडीतल्या टेमघरला पाटलांचं घर, आणि घराला लागूनच पॉवरलूमची शेड. निम्म्या लूम सासूच्या, म्हणजे आक्काच्या नावावर, निम्म्या सुकन्याचा नवरा प्रितेशच्या नावावर. मधे भिंत होती आणि भिंतीत दार. कागदावर हे दोन छोटे धंदे होते. कारखान्याचा कायदा लागू व्हायला जितके कामगार लागतात, तितके एकातही नव्हते. कामगार कायद्याच्या पदव्युत्तर पदविकेचं पहिलं पुस्तक पोस्टाने घरी आलं, तेव्हा सुकन्याला त्या दाराचा अर्थ कळला. तिने तो घरात कोणाला सांगितला नाही. घरात तो सगळ्यांना आधीपासून माहीत होता.

शिकायची परवानगी चांगदेवांनीच दिली होती. सून बी.कॉम. झालेली, कॉलेजात जायचं नाही, पुस्तकं घरी येणार, वर्ग रविवारी ठाण्याला. सल्लागाराच्या मागे फिरण्यापेक्षा घरातच जाणतं माणूस असलेलं बरं, असा त्यांचा हिशेब होता. आता शेवटचा पेपर राहिला होता, येत्या रविवारी. तो चुकला तर नोंदणीची मुदत संपून सगळं पहिल्यापासून करावं लागणार होतं. आणि चांगदेवांनी सोमवारी सकाळी सांगून टाकलं होतं, "आधी ह्या मुस्तकीमचं मिटव. मंग रविवारचं बघू."

मुस्तकीम हा जमालुद्दीनचा भाचा. जमालुद्दीन पाटलांचा जुना कारीगर. दुसऱ्या बहिणीच्या सासरी लग्न होतं म्हणून तो गावी गेला आणि आपल्या लूमवर भाच्याला बदली ठेवून गेला. भिवंडीत ही रीत जुनी आहे. कारीगर गावी जातो, आपला माणूस ठेवतो, परत येऊन लूम ताब्यात घेतो. हिशेब मामा-भाच्यात होतो. मुस्तकीमच्या लूमचं शटल, म्हणजे आडवा धागा नेणारा धोटा, चालता चालता बाहेर उडाला आणि त्याच्या उजव्या डोळ्यावर बसला. डोळा गेला. भरपाईसाठी त्याने अर्ज केला आणि कामगार अधिकाऱ्याने दोन्ही बाजूंना बोलावलं.

गावाहून परतलेला जमालुद्दीन घाबरून सुनावणीच्या आदल्या दिवशीच येऊन गेला होता. "सेठ, आप बेफिकर रहो. मैं बोलूँगा मैंने रखा." त्याला लूम जायची भीती होती. सुकन्याने ते ऐकलं आणि प्रकरण पाटलांच्या बाजूने जाणार हे तिला कळलं.

पण बदली ठेवण्याच्या रीतीला आणखी एक भाग असतो. कारीगर गावी जाण्याआधी बदलीला सेठसमोर उभा करतो. बदली सलाम करतो, सेठ त्याच्याकडून लूम चालवून घेतो, आणि मान हलवली तरच तो राहतो. मुस्तकीमला आणलं तेव्हा सुकन्या तिथेच कापडाचे तागे मोजत होती. त्याने तुटलेला धागा जोडला तेव्हा चांगदेव खूश होऊन म्हणाले होते, "मामूपेक्षा भाचा बरा. ऱ्हाऊदे."

अधिकाऱ्याच्या टेबलासमोर पाच खुर्च्या होत्या. मुस्तकीम काळा चष्मा लावून टोकाच्या खुर्चीत बसला होता. चांगदेवांनी तीन वाक्यं म्हटली, एकही चुकलं नाही. जमालुद्दीनने हो म्हटलं. अधिकारी मुस्तकीमकडे वळला.

"तुमको काम पे किसने रखा?"

"मामू ने बोला था," मुस्तकीम म्हणाला. थोडं थांबून पुढे म्हणाला, "सेठ को सलाम करके लूम चालू किया था, साहब."

सुकन्याने फाइल घट्ट धरली. अधिकारी काही विचारणार एवढ्यात जमालुद्दीन मदतीला धावला.

"सलाम तो सब करते हैं, साहब! सेठ को क्या मालूम? सेठ तो शेड में झाँकते भी नहीं. कौन आया, कौन गया, सब हम ही देखते हैं. सेठ तो बस नाम के सेठ हैं."

चांगदेवांची मान ताठ झाली. सुकन्याने ते पाहिलं. त्यांना आवरायला कोपराला हात लावला असता तरी पुरलं असतं. तिने लावला नाही.

"नाम का सेठ?" चांगदेव खुर्ची सारून उठले. "माझ्या शेडमधी माझ्या मर्जीशिवाय कुत्रा शिरत नाय! ह्याला मी लूम चालवाय लावली. हात बघितला, मंग ठेवला. नायतर तितनंच हाकलला असता!"

"आबा," सुकन्या म्हणाली. उशीर झाला होता.

"म्हणजे ठेवायचा की हाकलायचा, ते तुम्ही ठरवलंत?" अधिकाऱ्याने शांतपणे विचारलं.

"मंग कोन ठरवनार? हा जमाल?"

हेच प्रश्न सुकन्याच्या पुस्तकात होते. माणूस कोण निवडतो, कोण काढू शकतो, कामावर ताबा कोणाचा. पैसे कोणाच्या हातून मिळाले, हे त्यानंतर येतं. अधिकाऱ्याने जबाब लिहिला, वाचून दाखवला आणि कागद पुढे सरकवला. चांगदेवांनी पेन उचललं, पण सही करण्याआधी ते सुनेकडे वळले.

"बरोबर हाय ना गो?"

खोलीत पंखा फिरत होता. मुस्तकीमचा काळा चष्मा तिच्याच दिशेने होता.

"तुम्ही बोललात तसंच लिहिलंय," सुकन्या म्हणाली.

चांगदेवांनी सही केली.

परतताना ते खुशीत होते. अंजूरफाट्याला चहा सांगितला. "गप केला का नाय जमालला? नाम का सेठ म्हनतो!"

"आबा, मुस्तकीमला तुम्ही ठेवलं होतं, हे तुम्ही सही करून दिलंत. भरपाई आता आपल्याला द्यावी लागेल."

त्यांनी कप खाली ठेवला.

"तू बाजूलाच बसलेलीस."

"हो."

"मी तुला इचारलं."

"हो, विचारलंत."

पुढे चार दिवस ते तिच्याशी एक शब्दही बोलले नाहीत. मधे वकील गाठला. त्यानेही तेच सांगितलं, फी घेऊन. आक्का स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "जाऊन पाय धर गो त्यांचे. रविवार आला."

"खोटं काय बोलले मी?"

"ते तुला म्हाईत," आक्का म्हणाली आणि भाकरी उलटली.

रविवारी लूम चालू होत्या. भिवंडीत लूमना सुट्टी शुक्रवारची. सुकन्या परीक्षेचं ओळखपत्र घेऊन बाहेर आली. प्रितेशने मोटरसायकल काढली होती, पण सुरू केली नव्हती. तो बापाकडे बघत उभा होता. चांगदेव ओट्यावर बसले होते.

"अर्धा वकील घरात ठेवला म्हनून ह्ये झालं," ते कोणाकडेही न बघता म्हणाले. "जाऊदे तिला. पुरा होऊदे."

प्रितेशने किक मारली. तेवढ्यात शेडच्या दारातून एक कारीगर बाहेर आला. मागे नवा पोरगेला माणूस. तो पुढे झाला आणि त्याने चांगदेवांना सलाम केला.

चांगदेवांनी तोंड फिरवलं, आणि फिरवलेलं तोंड नेमकं सुनेच्या समोर आलं.

"ह्याला बघू का नको?"

"बघा. आणि हजेरीत नाव घाला."

"घातलं तर?"

"तर तो तुमचा कामगार."

"आनि नाय घातलं तर?"

सुकन्या मागच्या सीटवर बसली, ओढणी सावरली.

"तरी तुमचाच, आबा."

मोटरसायकल वळणाला लागली तेव्हा तिने मागे पाहिलं. चांगदेव ओट्यावरून उतरून त्या माणसाच्या मागोमाग शेडमध्ये चालले होते.