दगडांचा ढीग जैसे थे ठेवल्याबद्दल

ठिकाण: दौंड, रेल्वे यार्डालगतची आळी, माझे राहते घर आणि त्याची उत्तरेकडील हद्द.
काळ: मोठ्या दुष्काळानंतरचे दुसरे वर्ष, आषाढाच्या मध्यापासून श्रावण संपेपर्यंत.
तक्रारदार: प्रस्तुत लेखक, त्या वेळी वय बेचाळीस, धंदा अर्जलेखनाचा.
जिच्या जिवावर बेतले ती: लेखकाची पत्नी, माहेर तळेगाव ढमढेरे.
साक्षीदार पहिला: उत्तरेकडचा शेजारी, वरवंडच्या बाजूला जमीन असलेला बागायतदार, ढिगाचा मालक.
साक्षीदार दुसरा: रेल्वेचे निवृत्त गँगमन, आळी ज्यांना आप्पा म्हणत असे.

नावे घातलेली नाहीत. नाव घातले की माणूस आपली बाजू मांडू लागतो, आणि या प्रकरणात एकच बाजू मांडायची राहिलेली आहे.

मी मूळचा शिरूरचा. सातवीच्या परीक्षेला बसलो, निकाल पाहायला गेलो नाही. पण अक्षर असे होते की दौंडच्या कचेरीसमोर लिंबाखाली टेबल मांडल्यापासून मला दुसरा धंदा शोधावा लागला नाही. सातबाऱ्यातील चूक असो, बांधाचे भांडण असो, मयताच्या वारसाची नोंद असो, माझ्या हातचा अर्ज आला की कारकून तो शेवटपर्यंत वाचतो, असा लौकिक होता. मी तो जपत असे.

दुष्काळात खडी फोडण्याची कामे निघाली, तेव्हा शेजाऱ्याने कुंपणाची भिंत घालायची म्हणून चार गाड्या दगड आणून आमच्या सामाईक हद्दीवर टाकले. भिंत झाली नाही. दगडांवर बाभळीचा फाटा पडला, फाट्यावर गवत वाढले, आणि ढिगाचा पायथा माझ्या हद्दीत दीड हात आला. दीड हात ही माझी मोजणी. शेजारी एक वीत म्हणत असे.

आषाढात पत्नीला त्या दगडांवर कात सापडली. तिने ती काठीवर घेऊन अंगणात आणली. मी फूटपट्टीने लांबी मोजून कागदावर टिपली. आरडाओरडा ऐकून शेजारी आला आणि आप्पाही आले.

शेजारी म्हणाला, "आजगराचं पिल्लू आसंल. गोलगोल ठिपक्यांची नक्षी दिसतीय. उंदीर खातंय, खाऊ दे."

"दौंडात आजगर कुठला रं? तिकीट काढून आला व्हय?" आप्पांनी कात बोटात धरली आणि शेपटीकडून डोक्याकडे अंगठा फिरवला. "हात लावून बघा. खरखरीत हाय. धामणीची गुळगुळीत लागती, आन् तिची शेपटी चाबकावानी लांब. ही बघा, आखूड. ही घोणस."

पत्नी दोन पावले मागे सरकली. माझ्या मनात त्या क्षणी भीती आली नाही, हे मला आजही लिहिताना विचित्र वाटते. माझ्या मनात अर्जाचा मुद्दा आला.

आप्पांनी तीस वर्षे रुळांवर काढली होती. खडीच्या उबेला येणारे साप त्यांनी रोज पाहिले होते. ते ओट्यावर बसून सांगू लागले तेव्हा मी ऐकले ते अर्धवट, आणि नंतरच्या काळात त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा विचारून घेतले ते पूर्ण. साप माणसाच्या मागे येत नाही, उंदराच्या मागे येतो. उंदीर कोंबड्यांच्या कण्यांसाठी येतो. साप डूख धरत नाही. एवढे लक्षात ठेवायला त्याला डोके नाही. त्याला आपले बोलणे कळत नाही, पण पाऊल कळते, म्हणून चालताना पाय आपटावा. धामण चाहूल लागली की पळते. नाग फणा काढून आधी बजावतो.

"घोणशीचं तसं न्हाई," आप्पा म्हणाले. "ती हलत न्हाई. जाग्याला बसून राहती आन् फुत्कारती. इंजिन वाफ सोडतं तसा आवाज. तो ऐकला की जिथं हाय तिथं थांबायचं, आन् मागं यायचं."

आमच्या आळीत दिवसभर इंजिने वाफ सोडत. हा विचार चौघांपैकी कोणाच्याही मनात आला नाही.

आप्पांनी तोडगाही सांगितला. सकाळी ऊन चढल्यावर तिघांनी पायांत बूट घालून, लांब पहारीने, वरून एकेक दगड उतरवायचा. रुळांच्या बाजूला तिला वाट मोकळी ठेवायची. कोपऱ्यात धरायचे नाही. कोंबड्या चार दिवस दुसरीकडे. शेजाऱ्याने मान डोलावली. "दगडं माझी हायती, मी हलवतो. बैलगाडी लावतो उद्या," असे तो स्वतःच्या तोंडाने म्हणाला. दीड वर्ष ज्यासाठी मी त्याच्याशी बोललो नव्हतो, ते त्याने फुकट कबूल केले.

मी नको म्हणालो.

कारण असे. अतिक्रमणाबद्दल माझा अर्ज कचेरीत दाखल होता. मोजणी होऊन पंचनामा व्हायचा होता. दगड हलले की पुरावा हलला. उद्या हाच मनुष्य म्हणेल, मी कधी हद्द ओलांडलीच नव्हती. असे डाव मी लिंबाखाली शेकडो वेळा पाहिले होते, आणि शेकडो पक्षकारांना बजावले होते: पंचनामा होईपर्यंत स्थिती जैसे थे. स्वतःच्या दारात मी वेगळे वागलो असतो तर लोक हसले असते, असेही मला वाटले असावे.

"सापाचा पंचनामा करायचा व्हय, वकीलसाहेब?" शेजारी म्हणाला.

"सर्पाचा उल्लेख पुरवणी अर्जात येईल," मी म्हणालो.

आप्पांनी कात ओट्यावर ठेवली आणि ते घरी गेले.

पुरवणी अर्ज मी त्याच संध्याकाळी लिहिला. त्यात एक वाक्य होते: "सदर ढिगामध्ये अत्यंत विषारी सर्पाचे वास्तव्य असून त्यामुळे अर्जदाराच्या कुटुंबातील व्यक्तीच्या जीवितास कोणत्याही क्षणी धोका पोहोचण्याचा दाट संभव आहे." हे वाक्य माझे आवडते होते. उघड्या गटारासाठी, कललेल्या भिंतीसाठी, पिसाळलेल्या कुत्र्यासाठी, सर्वांसाठी मी ते वापरले होते. ते वजन आणण्यासाठी असते. त्यातील कुटुंबातील व्यक्ती ही कोणी व्यक्ती नसते. मी ते लिहिले तेव्हा ती व्यक्ती माझ्यापासून सहा हातांवर भाकरी थापत होती, आणि मी तिला ते वाचून दाखवले. ती म्हणाली, "एवढं खरं आसंल तर दगडं हलवू द्या की."

दुसऱ्या दिवशी मी ढिगाभोवती सुतळी बांधली आणि पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहून लावले: प्रकरण प्रलंबित. मोजणी होईपर्यंत कोणीही या ढिगास हात लावू नये.

हात कोणी लावला नाही. मोजणीची तारीख एकदा पुढे गेली, मग दुसऱ्यांदा. पाऊस झाला. ढिगाकडे माणूस फिरकेना, म्हणून तिथे गवत कमरेइतके झाले, आणि आमची एक तांबडी कोंबडी खुराडे सोडून त्याच निवांत जागी अंडी घालू लागली. पत्नीने मला पुन्हा विचारले. "आप्पा तयार हायेत. शेजारचे मामाबी तयार हायेत. तुम्हीच तेवढं आडून बसलाय." मी म्हणालो, कायद्याच्या गोष्टींत घाई करून चालत नाही. ती आत गेली. हे आमचे या विषयावरील शेवटचे बोलणे.

श्रावणातला सोमवार होता, दुपारची वेळ. मी कचेरीसमोर होतो. शेजाऱ्याचा गडी सायकल टाकून धावत आला आणि म्हणाला, "बाईंना पान लागलं." आमच्याकडे सापाचे नाव त्या वेळी घेत नाहीत. मला शब्द कळला, अर्थ पोहोचला नाही. मी टाकाचे टोक पुसले, दौतीला बूच लावले, कागदांवर दगड ठेवला. हे सर्व केल्याचे मला स्पष्ट आठवते. माझे हात आपले काम करीत होते आणि मी कुठे होतो ते मला सांगता येत नाही.

घरी पोहोचलो तेव्हा ती ओट्यावर टेकून बसली होती. उजवा हात मांडीवर, तर्जनी आणि मधले बोट काळेनिळे, मनगट पावासारखे फुगलेले. अंडे काढायला तिने गवतात हात घातला होता. आवाज ऐकू आला होता, ती म्हणाली. पण यार्डातले इंजिन वाटले.

आळी जमली होती. कोणी लिंबाचा पाला चारून बघत होते, कडू लागतो का. कोणी म्हणत होते देवळात नेऊ, पाच फेऱ्या घालू. एकाच्या हातात वस्तरा होता. आप्पांनी तो काढून घेतला. "चिरायचं न्हाई, आवळून बांधायचं न्हाई, तिला एक पाऊल चालवायचं न्हाई. हात हलू देऊ नका. दवाखाना." शेजारी त्याची जीप सुरू करून उभा होता.

आणि मी विचारले, "किती वाजता चावला?"

पत्नीने माझ्याकडे पाहिले. मी खिशातून कागद काढून वेळ लिहून घेतली. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच केला आणि माझा कागद उपयोगी पडला, हे खरे आहे. पण मी तो डॉक्टरांसाठी लिहिला नव्हता, हे मला ठाऊक आहे आणि त्या नजरेलाही ठाऊक होते.

डॉक्टरांनी काचेच्या नळीत तिचे रक्त घेऊन टेबलावर उभे केले आणि घड्याळ पाहत राहिले. बऱ्याच वेळाने नळी आडवी केली. रक्त पाण्यासारखे वाहिले. गोठतच नव्हते. मी त्या नळीकडे पाहत होतो, आणि माझे वाक्य शब्दाशब्दाने डोक्यात फिरत होते: कुटुंबातील व्यक्तीच्या, जीवितास, कोणत्याही क्षणी. ज्याने ते लिहिले त्याला ते खरे असेल असे वाटले नव्हते. मला आजवर कोणी एवढ्या जोराने थोबाडीत मारलेली नाही.

सापाच्या विषावरची इंजेक्शने त्या दवाखान्यात शिल्लक होती, म्हणून ती वाचली. हिरड्यांतून रक्त येणे तिसऱ्या दिवशी थांबले. अकरा दिवसांनी घरी आणली.

मधल्या काळात, तिला दवाखान्यात ठेवल्याच्या दुसऱ्या दिवशी, आप्पांनी आणि शेजाऱ्याने माझी सुतळी कापून ढीग उतरवला. मी कपडे न्यायला आलो होतो, तेव्हा पाहिले. तळाच्या दगडाखाली घोणस वेटोळे घालून होती आणि भोवती करंगळीएवढ्या जाडीची पिल्ले वळवळत होती. मोजायला गेलो, जमले नाही. घोणस अंडी घालत नाही, पिल्ले देते, हे मला तेव्हा कळले. आणि ती इतके दिवस तिथून का हलली नव्हती तेही.

मी म्हणालो, "ठेचा तिला."

आप्पांनी काठीने तिला रिकाम्या डब्यात ढकलले, डब्याच्या तोंडाला बारदान बांधले आणि पिल्ले दुसऱ्या डब्यात गोळा करू लागले. वर न पाहता म्हणाले, "तिला कशापायी? पोटुशी होती, निवांत जागा बघून ऱ्हायली. हात लावू नये म्हून पाटी तुमीच लावली हुती की, रायटर."

शेजाऱ्याने मान फिरवली. त्याला हसता आले असते. तो हसला नाही. डबे त्यांनी जीपमध्ये घालून, वस्ती संपते त्याच्याही पलीकडे, नदीकाठच्या काटवनात नेऊन सोडले.

मोजणीदार पुढच्या आठवड्यात आले. मोकळी जागा पाहिली, ढिगाच्या खुणेवरून साखळी टाकली. अतिक्रमण एक वीत निघाले असते, असे ते म्हणाले, ढीग असता तर. कागदावर शेरा मारला: तक्रारीचे कारण उरले नसल्याने प्रकरण निकाली.

तिची ती दोन बोटे वाचली, पण मिटत नाहीत. आळीतल्या निम्म्या पोरांच्या अंगावर तिने शिवलेल्या गोधड्या होत्या. तिचा टाका इतका बारीक असे की उलटसुलट ओळखू येत नसे. आता सुई धरली की निसटते. भाकरी ती डाव्या हाताने थापायला शिकली. बायका विचारतात तेव्हा ती म्हणते, "साप चावला." त्यापुढे काही सांगत नाही. मला या सर्व वर्षांत ती याबद्दल एक शब्दही बोललेली नाही. मी पाटी लावली होती हेही नाही, मी वेळ विचारली होती हेही नाही. आप्पा बोलले, शेजाऱ्याच्या गप्प राहण्यातून तोही बोलला. तिचे म्हणणे नोंदवले गेलेले नाही.

ते जीवितास धोक्याचे वाक्य मी अजून लिहितो, कारण लिहावे लागते. पण लिहिण्याआधी समोरच्या पक्षकाराला विचारतो, घरी कोण कोण आहे, आणि ती गोष्ट आजच काढून टाकता येते का. पुष्कळदा येते. तेव्हा मी त्याला अर्ज न लिहिता परत पाठवतो.

सबब, लेखकाच्या पत्नीस विनंती अर्ज खालीलप्रमाणे.

या प्रकरणाचा निकाल देण्याचा अधिकार कोणत्याही कचेरीस नसून तो केवळ आपणास आहे. आपण दोन वेळा लेखकास ढीग हलविण्यास सांगितले होते, ही गोष्ट लेखकास मान्य आहे. त्यासाठी पुराव्याची आवश्यकता नाही. लेखक कोणतीही सबब पुढे करीत नाही व मुदतही मागत नाही. आपण लेखकास दोषी म्हणावे, ही एवढीच मागणी आहे. किंवा म्हणावयाचे नसेल, तर का नाही, ते कळवावे. उत्तर लेखी असण्याची अट नाही. चुलीपाशी बसून तोंडी दिले तरी ग्राह्य धरले जाईल, आणि लेखक ते मध्ये न बोलता ऐकून घेईल. तारीख आपण नेमाल ती.